जेनच्या भांड्यातले दात

शेवंताकाकूंच्या ओट्यावर मिसळणाच्या डब्याला लागून एक काचेची बरणी आहे. कधीकाळी तिच्यात लोणचं असावं. आता तिच्यात दात असतात. पांढरे, चिनीमातीचे, काही पुढचे, काही दाढा. नव्या माणसाला त्या घरात चहाला बसवलं की त्याची नजर फिरत फिरत बरणीवर येते आणि कप ओठांपाशीच थांबतो. काकूंना यात भारी मजा वाटते.

"घाबरू नोका," त्या म्हणतात. "कोनाच्या तोंडातले नाई. कोरेच हाये."

मी लग्न होऊन तळेगावात आले तेव्हा माझाही कप असाच थांबला होता. आमच्या आणि काकूंच्या अंगणात एकच बुटकी भिंत. तिच्यावरून इतकी वर्षं वाट्या गेल्या आणि आल्या की भिंतीचा वरचा थर गुळगुळीत झाला आहे. काकूंचा चेहरा पाहून परका माणूस त्यांना मणिपूरच्या ठरवतो, नेपाळच्या ठरवतो, आणि त्यांनी तोंड उघडलं की गडबडतो. आर्वीच्या बाजारात वांग्याच्या भावावरून त्या जी वऱ्हाडी ऐकवतात, ती ऐकून वांगी विकणारी बाई स्वतःच प्रमाण भाषेत बोलायला लागते.

काकूंचे वडील लियू. चीनमधल्या हुबेई प्रांतातले. तिकडची माणसं दात बसवण्याचं काम शिकून दूरदूर पांगली होती. त्यातले हे कलकत्त्याला उतरले, तिथल्याच एका चिनी मुलीशी लग्न केलं आणि रेल्वेच्या वाटेनं सरकत सरकत वर्ध्याला येऊन थांबले. स्टेशनजवळ दोन खोल्या. पुढे दुकान, मागे घर. दुकानावर दातांच्या चित्राची पाटी. पदवी कसलीच नव्हती, पण लोक डॉक्टर म्हणायचे. बायको लवकर वारली. मागे एक मुलगा चांग आणि त्याच्याहून सहा-सात वर्षांनी धाकटी जूयिंग. तीच पुढे आमच्या शेवंताकाकू झाली.

बायको गेल्यावर लियू स्वयंपाक करायला लागले आणि त्यांना धड एकच पदार्थ येत होता, जेन. त्यांच्या गावाकडे पालेभाजी भरडलेल्या तांदळात घोळवून वाफवायची पद्धत. तांदूळ कोरडेच खमंग भाजायचे, भाजताना एखादं चक्रफूल टाकायचं, मग जात्यावर जाडसर भरडायचे. चिरलेल्या ओल्या भाजीला ती भरड चोळायची आणि बांबूच्या टोपलीत सैलसर पसरून वाफ द्यायची. वरून तिळाच्या तेलात परतलेला लसूण, थोडा शिरका, म्हणजे व्हिनेगर. वाफवण्याला त्यांच्या बोलीत जो शब्द होता त्यावरून घरात नाव पडलं जेन. गावाकडे सणासुदीला त्यात डुकराचं मांस असे. वर्ध्यात लियूंनी ते सोडलं, कारण इथे जेन फक्त घरच्यांसाठी राहिला नव्हता.

झालं असं की लोक नवी कवळी लावून घरी जात आणि पहिल्याच जेवणाला भाकर चावत. हिरड्या सोलून निघायच्या. दुसऱ्या दिवशी कवळी हातात घेऊन भांडायला हजर. लियूंनी यावर उपाय काढला. ज्याला नवी कवळी बसवली, त्यानं पहिला घास दुकानातच खायचा. मागच्या खोलीतून वाटीभर गरम जेन यायचा. लियू समोर स्टूल टाकून बसायचे आणि गिऱ्हाईक चावत असताना त्याच्या जबड्याकडे टक लावून बघायचे. कुठे टोचतंय, कुठे हलतंय, ते ओळखून तिथल्या तिथे कानस मारायची. वाटी रिकामी झाली की कवळी पास.

पण दुसऱ्याच्या तोंडात हात घातलेल्या माणसाला मागच्या चुलीची आठवण कशी राहणार? टोपलीखालच्या जर्मनच्या पातेल्यातलं पाणी आटायचं आणि पातेलं करपायचं. तेव्हा त्यांनी जोडी न जमलेले, कवळीत बसवायचे राहून गेलेले कोरे दात मूठभर पातेल्यात टाकले. पाणी उकळलं की दात तळाशी नाचायचे, खुळखुळ खुळखुळ. पाणी कमी झालं की आवाज मंदावायचा. दुकान आणि घर यांच्या मधल्या उंबऱ्यावर चांग बसलेला असे, शाळेचं पुस्तक मांडीवर आणि कान चुलीकडे. आवाज मंदावला की त्यानं हाक द्यायची आणि धाकटीनं लोट्यातून पाणी ओतायचं.

"त्याले वाटे, सैपाक तोच करते," काकू सांगतात. "काम ऐकाचं, पन तोरा पाहा. मी पानी टाकतच असो, तरी वरडे."

बासष्ट साली चीनशी लढाई झाली. दुकानावरची पाटी उतरली, ठाण्यात जाऊन हजेरी द्यावी लागायची, आणि गिऱ्हाइकं रस्त्याच्या पलीकडून जायला लागली. चांग मामाच्या बोलावण्यावरून कलकत्त्याला गेला. तिथून तो कॅनडात गेला. वर्ध्याच्या फलाटावर बहिणीनं त्याला पाहिलं, त्यानंतर कित्येक वर्षं नाही. वडील वारले तेव्हाही त्याला येता आलं नाही.

त्या वाईट दिवसांत एक गिऱ्हाईक मात्र येत राहिलं. तळेगावचे एक भाजी पिकवणारे गृहस्थ, ज्यांची खालची कवळी काही केल्या जागेवर बसत नव्हती. त्यांच्याबरोबर चवळाईच्या जुड्या घेऊन त्यांचा मुलगा यायचा. तो मुलगा म्हणजे मनोहरराव. कवळी कधीच पुरती बसली नाही, लग्न मात्र जुळलं.

सासू कुसुमबाईंनी नव्या सुनेला पहिला प्रश्न विचारला, "तुह्या नावाचा अर्थ काय?" तिच्या नावात शेवंतीचं फूल आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मंग सरळ शेवंता म्हना ना. जीभ काऊन मोडाची?" बाकी कुसुमबाई कडक. गळ्यात माळ. सुनेच्या हातची भाकर खाल्ली, पण जेन म्हणजे कायतरी परदेशी म्हणून वर्षभर तोंडाला लावला नाही. मग त्यांचीच दाढ ठणकली. गाल सुजला, पाणीही गिळवेना. सुनेनं न विचारता वाटी पुढे केली. कुसुमबाईंनी ती संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि बोलता यायला लागल्याबरोबर चुका काढल्या.

"तांदूळ का रोज भरडते कोनी? ज्वारी घे. आन् तिळाचं तेल इकत काऊन आनाचं? जवसाचं घरचं हाये."

तांदूळ गेला, भाजलेल्या ज्वारीची भरड आली. तीळ गेले, जवस आलं. शिरक्याच्या जागी चिंचेचा कोळ. पावसाळ्यात आंबाडीचा पाला, थंडीत मुळ्याचा. लसूण तर चौपट झाला. पुढे आमच्या आळीत कुणाची दाढ काढली, कुणाला ताप आला, बाळंतिणीला जेवण गेलं नाही, की भिंतीवरून जेनची वाटी यायची. माझा मुलगा टॉन्सिलच्या दुखण्यात आठवडाभर त्यावरच राहिला. तो आता बंगळुरूला असतो आणि ताप आला की आधी मला फोन करून जेनबद्दल विचारतो, मग डॉक्टरकडे जातो.

काकूंचा मुलगा नीरज. त्याची बायको गुंजन अमरावतीची, औषधांचं दुकान चालवते, स्वभावानं लाघवी, पण स्वच्छतेच्या बाबतीत कुसुमबाईंचीच पुढची आवृत्ती. तिला ते दात सोसेनात. "आई, स्वयंपाकाच्या भांड्यात दात उकळतं का कुणी? माझ्या माहेरचे आले तर काय म्हणतील?" तिनं स्टीलचं वाफवायचं भांडं आणलं, मोबाइलवर घंटी लावायला शिकवलं, मुलीसाठी वरून चीज किसून घालायला लागली. दात बरणीत गेले.  सुनेशी कशाला वाद, एवढंच काकू मला म्हणाल्या.

चांग फोनवर अधूनमधून बोलायचा. आधी चिनी दोन वाक्यं, मग काकू म्हणायच्या, "अरे नाई समजत मले आता, सरळ बोल," मग दोघांची जुनी वऱ्हाडी-हिंदी. मागच्या दिवाळीत त्यानं सांगितलं, की मुलगी-जावई भारत पाहायला येत आहेत आणि तोही येणार. आणि मग विचारलं, "यिंग, जेन बनवते का अजून?"

"बनवतो ना," काकूंच्या तोंडून निघून गेलं. "बाबा बनवे तसाच."

दुसऱ्या दिवशी त्या भिंतीशी आल्या. मी गहू पाखडत होते.

"मी खोटं बोलली वं."

"काय खोटं बोललात?"

"बाबासारखाच म्हनली. त्याच्यात बाबाचं काय राह्यलं आता? तांदूळ नाई, तीळ नाई, शिरका नाई. बोली तं मी कवाच विसरली. नाव सासूनं देल्लं. फोटो एक होता, तो उधईनं खाल्ला. एक जेन तेवढा बाबाचा म्हनून धरून राह्यली. आन् त्यानं खाल्ला आन् म्हनला, हा तो नाई, तं मंग माह्यापाशी बाबाचं हाये काय?"

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्यांनी ते ऐकलंही नाही. त्यांनी ठरवलं होतं: भाऊ येईल त्या दिवशी जेन अस्सल करायचा, वर्ध्याच्या दुकानातल्यासारखा.

मग सुरू झाली जमवाजमव. चक्रफूल आलं, तिळाचं तेल आलं. शिरका मिळाला. गुंजन उत्साहानं हायवेवरच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून सोया सॉसची बाटली घेऊन आली. चिनी म्हटल्यावर हे हवंच, असा तिचा हिशेब. काकूंनाही खात्री नव्हती, बाबा घालायचे की नाही. "काळं काहीतरी राहे खरं," त्या म्हणाल्या. पहिली तालीम मनोहररावांच्या ताटात पडली.

"हे काय? बैलाचं अवसद होय काय?"

"गुमान खा."

"गुमानच गिळून राह्यलो. चव घ्याची का नाई तेवढं सांग."

फेब्रुवारीत चांग आला. मुलगी-जावई वाघ पाहायला ताडोब्याला गेले आणि हा एकटाच नागपूरहून टॅक्सी करून दोन दिवसांसाठी तळेगावात. आळीतल्या सगळ्यांना वाटलं होतं, कुणी साहेब उतरेल. उतरला तो लोकरी टोपीतला काटकुळा म्हातारा, आणि उतरल्या उतरल्या ड्रायव्हरला म्हणाला, "काऊन बे, हळू नाई चालवता येत तुले?" ड्रायव्हरच्या हातातली बॅग खाली पडायची राहिली.

काकू फाटकात उभ्या होत्या. वाकल्या. त्यानं डोक्यावर हात ठेवला.

"म्हातारी झाली वं तू."

"आन् तू काय शाळेत जाऊन राह्यला?"

दुपारी ताटं मांडली. मी पोळ्या घेऊन गेले होते आणि थांबले. तांदळाचा जेन स्टीलच्या भांड्यात घंटी लावून झाला होता. वर तिळाचं तेल, सोया सॉसचे तपकिरी ओघळ. चांगनं वाटी हातात घेतली, वास घेतला, पहिला घास सावकाश चावला. काकू त्याच्या जबड्याकडे बघत होत्या, लियू गिऱ्हाइकाकडे बघत असत तसंच असावं ते.

"छान हाये," तो म्हणाला.

अजून दोन घास खाल्ले. मग टोरांटोतल्या बर्फाबद्दल बोलायला लागला, मुलीच्या घराबद्दल, गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल. वाटी अर्धी तशीच राहिली. वडिलांचं नाव त्यानं काढलं नाही, काकूंनीही काढलं नाही. वाटी उचलताना काकूंनी आत पाहिलं आणि वरून ताटली झाकली. त्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरून काही दिलं नाही, काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवून चांग निघणार होता. सकाळी मी गेले तर मनोहरराव वाडीतून चवळाई आणि मुळ्याचा पाला घेऊन आलेले.

"पाव्हन्याचं झालं असन, तं आता आपला जेन कर," ते म्हणाले. "काल तं मी उपाशीच."

"तुमाले पोटाचंच पडलं."

"मंग कोनाचं पडाचं? माह्यं पोट माह्याजवळ हाये."

काकू उठल्या. परसात चूल पेटवली. माळ्यावरून जुनं जर्मनचं पातेलं काढलं, आतून काळं पडलेलं. बुरुडाकडून विणून घेतलेली टोपली काढली. गुंजन दुकानात गेली होती, मोबाइलची घंटी लावा म्हणणारं कुणी नव्हतं. काकूंनी ओट्यावरची बरणी उघडली, मूठभर दात धुतले आणि पातेल्यात टाकले.

"आता लपवाचं काय राह्यलं?" माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी लसूण सोलायला घेतला. भाजलेल्या ज्वारीचा वास परसभर झाला. चांग ओसरीत बाजेवर पडला होता, टोपी डोळ्यांवर ओढून. स्वतःची कवळी त्यानं शेजारी पेल्यात काढून ठेवली होती. दात करणाऱ्याच्या मुलाला कवळी, यावर आदल्या दिवशी त्यानं स्वतःच विनोद केला होता. पाणी उकळलं. दात नाचायला लागले, खुळखुळ खुळखुळ. मनोहरराव चुलीपाशी येऊन चिंच जास्त भिजवली की कमी यावर काकूंशी हुज्जत घालू लागले. काकू त्यांना सांगत होत्या, की ज्याला चव घेता येते त्यानं बोलावं. मी हसत होते. आमच्यापैकी कुणाचंच पातेल्याकडे लक्ष नव्हतं.

"श्वेइ!"

ओसरीतून हाक आली. म्हाताऱ्याची नव्हे, दटावणाऱ्या पोराची वाटावी अशी कडक.

काकूंनी मागे पाहिलं नाही. वाक्य अर्धं तोडलं नाही. उजवा हात लोट्याकडे गेला, टोपलीची कड डाव्या हातानं उचलली आणि पाणी ओतलं. आवाज थांबला, चर्र झालं, आणि थोड्या वेळानं दात पुन्हा वाजायला लागले. तेव्हा कुठे त्यांना कळलं असावं आपण काय केलं ते. लोटा तसाच हवेत राहिला.

"काय म्हनला साळा?" मनोहररावांनी विचारलं.

"पानी म्हनते."

"तुले कसं समजलं?"

"मले काय मालूम," काकू म्हणाल्या, आणि लोटा खाली ठेवला.

चांग उठून आला होता. टोपी नाही, कवळी नाही, गाल आत गेलेले. परसाच्या उंबऱ्यावर बसला आणि पातेल्याकडे कान करून ऐकत राहिला.  

"बाबा विसरे," तो बोबड्या आवाजात म्हणाला. "मी नाई विसरो."

"एकदा विसरला होता," काकू म्हणाल्या. "गोट्या खेळाले गेलता. बाबानं कान पिळला तुहा."

"कान तुहा पिळला. पानी टाकाचं काम तुहं होतं."

"ऐकाचं कोनाचं होतं?"

वाद खूप वेळ चालला. वडिलांचा हात कसा होता, कानशीच्या भुकटीनं पांढरा. गिऱ्हाईक गेलं की ते कसे खुर्चीत बसून स्वतःच वाटीभर जेन खात. पाटी उतरवली त्या दिवशीही त्यांनी जेन केला होता आणि खायला बाहेरचं कुणी नव्हतं म्हणून तिघांनी मिळून संपवला होता. हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मनोहररावही, बहुतेक.

जेन झाला. काकूंनी वरून जवसाचं तेल आणि लसूण ओतला, ताटलीत वाढला आणि तिथेच उंबऱ्यावर दिला. चांगनं बोटांनी घास घेतला, हिरड्यांनी दाबला. आम्ही तिघं बघत होतो.

"हा बाबाचा नाई," तो म्हणाला.

मी काकूंकडे बघायचं टाळलं.

"बाबाचा कोरडा राहे. घशात अडके. आन् एवढा लसूण? बाबा नावालेच टाके. म्हने, मले दिवसभर लोकायच्या तोंडात पाहा लागते." त्यानं ताटली रिकामी केली आणि पुढे धरली. "वाढ."

"आन् कालचा?" काकूंनी विचारलं.

"कालचा तं हाटेलातला होता."

काकू हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, धुरामुळे असेल. "नसन बाबाचा तं नसन," म्हणाल्या आणि ताटली इतकी भरली की मनोहररावांनी टोपलीत डोकावून आपल्यापुरतं उरलं का ते पाहिलं.

निघताना चांगनं बरणीतले थोडे दात मागितले. काकूंनी रुमालात बांधून दिले, वर ज्वारीच्या भरडीची पिशवी. टॅक्सी वळणावर गेल्यावर मनोहरराव म्हणाले, "आमचे दात घेऊन चालला साळा," आणि नाक शिंकरायला घरात गेले.

संध्याकाळी गुंजन आली तेव्हा उरलेले दात धुऊन फडक्यावर वाळत घातले होते. तिनं पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि फडकं बदलून स्वच्छ पंचा अंथरला.

गेल्या रविवारी सकाळी मी भाजी निवडायला काकूंकडे बसले होते आणि टोरांटोहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ. चांगनं मोबाइल पातेल्यापाशी धरला होता. "ऐक," तो म्हणाला. आवाज आला, लांबून, पण तोच, खुळखुळ खुळखुळ. काकू मोबाइल कानाला लावून ऐकत राहिल्या. समोर भाऊ दिसतोय याचं भान नाही. मग एकदम आवाज थांबला. पडद्यावर चांगचा चेहरा अर्ध्या हसण्यात गोठलेला.

"रेंज गेली असेल, काकू," मी म्हटलं.

पण त्या उभ्याच राहिल्या होत्या. मोबाइल तोंडापाशी धरून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या, "श्वेइ! अरे श्वेइ टाक, करपून राह्यलं!"